मांडीवरच्या बाळाबद्दल मैत्रिणीशी कसं बोलायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पुण्यात एकाच सोसायटीत राहणाऱ्या तुम्ही दोघी मैत्रिणी. तुमचा मुलगा ४ वर्षांचा, तो कार सीटमध्ये, म्हणजे लहान मुलांना पट्ट्यांनी बांधून बसवायच्या वेगळ्या सीटमध्ये, बसतो. मैत्रिणीची मोठी मुलगी साडेतीन वर्षांची आणि धाकटं बाळ १४ महिन्यांचं. त्यांच्या गाडीत कार सीट नाही. बाळ पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर असतं, आणि मोठी मागे मोकळी, बऱ्याचदा दोन सीटांच्या मधून डोकं काढून उभी. आठवड्यातून दोन दिवस तुमचा मुलगाही त्याच गाडीतून पोहण्याच्या क्लासला जातो. पुढच्या महिन्यात दोन्ही घरं मिळून महाबळेश्वरला जायचं ठरलंय. तुम्ही एकदा हसत हसत विषय काढलात, तर ती म्हणाली, ‘अगं, आपण काय कार सीटमध्ये वाढलो का?’ तेव्हापासून तुम्ही गप्प आहात. बोललं तर मैत्री जाईल, नाही बोललं तर मन खात राहील.

बोला. नक्की बोला. पण त्याआधी प्रश्न नीट मांडून घेऊ. तुम्ही विचारलंय, ‘तिला कसं पटवू?’ खरं तर यात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत: तुमचं मूल तिच्या गाडीत, तिचं मूल तुमच्या गाडीत, आणि तिचं मूल तिच्याच गाडीत. तिन्ही ठिकाणी तुमचा अधिकार वेगळा, म्हणून बोलणंही वेगळं. ते एकत्र झालं की आपण जिथे ठाम राहायला हवं तिथे आर्जवं करतो आणि जिथे आर्जव हवं तिथे उपदेश करतो.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. पुण्यात २० वर्षांहून जास्त काळ प्रॅक्टिस करते आहे, आणि लसीकरणाला येणाऱ्या प्रत्येक आईबापांशी गाडीतल्या प्रवासाबद्दल बोलते. सुरुवातीला मी हे फार वाईट पद्धतीनं करायचे. एक वडील आठवतात. तीन दिवसांचं बाळ घरी न्यायला आले होते, बाळ आजीच्या हातात, आजी गाडीत पुढे बसलेली. मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, त्यांना धोके सांगितले. एकही शब्द चुकीचा नव्हता. ते कुटुंब पुन्हा माझ्याकडे आलं नाही. दोनेक वर्षांनी ते गृहस्थ एका लग्नात भेटले, तेव्हा म्हणाले, ‘डॉक्टर, तुम्ही बोललात ते बरोबर होतं, पण माझ्या आईच्या हातात बाळ असताना बोललात.’ त्या बाळाला मग कार सीट मिळाली का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्या वाक्यानं माझी पद्धत बदलली.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की कार सीट न वापरणाऱ्या घरांत बहुतेक वेळा निष्काळजीपणा नसतो. तिथे मांडीवरचा विश्वास असतो. आपल्याकडे बाळाची सगळ्यांत सुरक्षित जागा कुठली, तर आईची मांडी. ताप आला, इंजेक्शन दिलं, बाळ झोपेतून दचकलं, तरी उत्तर तेच. अशा आईला आपण सांगतो की गाडीत तुझी मांडी पुरेशी नाही. तिला ऐकू येतं, की तू पुरेशी नाहीस. ती चिडते ती या न बोललेल्या वाक्यावर. म्हणून तुमच्या बोलण्यात प्रेमाचा विषय येऊच देऊ नका. वजनाचा आणि वेगाचा येऊ द्या. ‘तू घट्ट धरशील हे मला माहितीये, पण ते वजन कुणालाच धरता येत नाही’ हे वाक्य तिच्या बाजूचं आहे.

हे वजन किती, ते तुम्हाला स्वतःला नेमकं माहीत हवं. गाडी ताशी ५० किलोमीटरनं आदळली आणि साधारण एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोच्या बाळाला जागेवर धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. म्हणजे तांदळाची ५० किलोची जवळजवळ तीन पोती, तीही अचानक, हात सावरायच्या आत. कुठल्याही आईचे, पैलवान बापाचेसुद्धा, हात तिथे सुटतात. आईनं स्वतः बेल्ट लावला नसेल तर आणखी वाईट: तिचं स्वतःचं अंग पुढे फेकलं जातं आणि बाळ तिच्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये सापडतं. काही जण एकच बेल्ट आई आणि बाळ दोघांभोवती लावतात. ते तर अजिबात करू नये, कारण आईचं सगळं वजन त्या पट्ट्यावर बाळाच्या पोटातून जातं.

‘शहरात कुठे एवढा वेग असतो?’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो. ४० च्या वेगानं आदळणं म्हणजे सुमारे सव्वासहा मीटरवरून खाली पडणं, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून. ५० ला तीच उंची १० मीटरच्या आसपास जाते, तिसरा मजला. आपण दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला जाळी बसवतो आणि मुलाला तिथे एकटं सोडत नाही. कर्वे रस्त्यावर रात्री दहानंतर ४० चा वेग कुणालाही वेग वाटत नाही.

लहान मुलाचं शरीर म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नसते, हेही समजून घ्या. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळजवळ पाव भाग असतं. मानेचे मणके पूर्ण हाडाचे झालेले नसतात, त्यांच्यात कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ भाग, असते. समोरून धक्का बसला की एवढं जड डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. म्हणून बाळाची सीट मागे तोंड करून लावायची: धक्का बसला की डोकं, मान आणि पाठ तिन्ही एकत्र सीटच्या पाठीत दाबली जातात, एकट्या मानेवर भार येत नाही. ‘एक वर्ष झालं की सीट पुढे वळवा’ हे जुनं झालं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं २०१८ पासून वयाची अट काढून सांगितलंय की सीटवर लिहिलेल्या वजन-उंचीच्या मर्यादेपर्यंत मागेच तोंड ठेवा. युरोपातल्या नव्या मानकात किमान १५ महिन्यांपर्यंत तशी सक्ती आहे. तुमच्या मैत्रिणीचं बाळ १४ महिन्यांचं, म्हणजे ते निःसंशय मागे तोंड करूनच बसायला हवं. पाय दुमडावे लागतात म्हणून आया घाबरतात. मुलं मजेत मांडी घालून बसतात.

साडेतीन वर्षांच्या मोठीला नुसता गाडीचा बेल्ट का चालत नाही, हेही तुम्हाला सांगता आलं पाहिजे. मोठ्या माणसाच्या कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या हाडांवर टेकतो. लहान मुलांची ती हाडं नीट उठून आलेली नसतात, त्यामुळे पट्टा वर सरकून मऊ पोटावर येतो आणि धक्क्याच्या वेळी आतडी, यकृत, कधी पाठीचा मणकासुद्धा दुखावतो. म्हणून आधी पाच जागी बांधणाऱ्या पट्ट्यांची सीट, ती लहान पडली की बूस्टर, म्हणजे गाडीचा बेल्ट नीट जागी बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक. बूस्टर साधारण १४५ सेंटीमीटर उंचीपर्यंत, म्हणजे बरीच मुलं १०-१२ वर्षांची होईपर्यंत. हे ऐकून पालकांचे डोळे विस्फारतात, म्हणून मी ते पहिल्याच भेटीत सांगत नाही. तुम्हीही सांगू नका.

आता त्या तीन प्रश्नांकडे वळू.

पहिला, तुमचं मूल तिच्या गाडीत. इथे पटवायचं काही नाही. हा निर्णय सर्वस्वी तुमचा, आणि त्यासाठी तिनं कार सीटवर विश्वास ठेवायची गरज नाही. पण आपल्या आग्रहाचा त्रास आपण उचलायचा. आदल्या संध्याकाळी खाली जाऊन तिच्या गाडीत मागच्या सीटवर तुमची सीट स्वतः बसवा. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा. एक इंचाहून जास्त सरकली तर ती सैल आहे. मग तिला एकदा दाखवा: खांद्यावरचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरायचा, चिमटीत पट्ट्याची घडी आली तर तो सैल, अजून ओढायचा. पाच मिनिटांचं काम. दर वेळी सीट काढ-घाल करणं तुम्हाला झेपणारं नसेल, तर दोन्ही दिवस तुम्ही न्या आणि बदल्यात तिच्याकडून दुसरी एखादी मदत घ्या. वाक्य साधं ठेवा: ‘तो सीटशिवाय बसत नाही गं, मीच लावून देते.’ कारणं देऊ नका. जितकी कारणं द्याल तितका वाद वाढेल. आणि एक दिवस सवलत दिलीत तर पुढच्या वेळी तिलाही कळत नाही की नक्की नियम आहे की लहर.

दुसरा, तिचं मूल तुमच्या गाडीत. हा सगळ्यांत सोपा आणि मला वाटतं सगळ्यांत उपयोगाचा. गाडी तुमची, नियम तुमचा, आणि कायदाही तुमच्यावर. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९४-ब सांगतं की १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बाल-सुरक्षा आसनाविना असेल तर गाडी चालवणाऱ्याला १००० रुपये दंड. पण मैत्रिणीपुढे कायदा काढू नका. कायद्याचा धाक दाखवला की माणूस मुलाचा विचार सोडून पोलिसांचा विचार करायला लागतो. एक जास्तीची सीट गाडीत ठेवा आणि मुलांनाच सांगा, ‘सगळ्यांचे पट्टे लागले की गाडी निघते.’ मोठी तुमच्या मुलाशेजारी चार वेळा अशी बसली की पाचव्या वेळी घरी जाऊन तीच विचारेल, ‘माझी सीट कुठाय?’ माझ्याकडे येणाऱ्या किती तरी घरांत सीट अशीच आली, शेजारच्या मुलाकडे बघून. मोठ्यांनी सांगून पाच वर्षांत झालं नाही ते मुलांनी पंधरा दिवसांत केलं.

तिसरा, तिचं मूल तिच्या गाडीत. इथे तुमचा अधिकार फक्त प्रेमाचा. म्हणून एकदाच, पण नीट बोलायचं, सोबत मदत द्यायची, आणि थांबायचं.

केव्हा बोलायचं, हे काय बोलायचं याहून महत्त्वाचं. पार्किंगमध्ये, बाळ रडत असताना, नवरा गाडी सुरू करून बसलेला असताना कुणीही ‘हो, तुझं बरोबर’ म्हणत नाही. सासूबाईंसमोर तर नकोच. सोसायटीच्या ग्रुपवर अपघाताचे व्हिडिओ टाकू नका. सगळ्यांना कळतं ते कुणासाठी आहे, आणि जिच्यासाठी आहे तिला ते सगळ्यांत आधी कळतं. रात्री जेवण झाल्यावर दोघी चालायला जात असाल तर ती वेळ बरी. चालताना एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि अवघड बोलणं त्यामुळे सोपं होतं.

मी असती तर असं काहीसं बोलले असते:

‘एक सांगू? राग मानू नकोस. महाबळेश्वरला जायचंय ना, तो पसरणीचा घाट डोळ्यांसमोर आला की मला बाळाची काळजी वाटते. तू त्याला घट्ट धरशीलच गं. पण करकचून ब्रेक लागला तर तो दहा किलोचा राहत नाही, कुणाच्याच हातात राहत नाही. माझ्या मुलाची लहानपणीची सीट माळ्यावर आहे. रविवारी तुझ्या गाडीत लावून बघू या का? बसला तर बसला.’

यात काय काय आहे बघा. काळजी तुमची स्वतःची आहे, तिच्यावर आरोप नाही. प्रसंग एक आणि जवळचा आहे, जन्मभराचा नियम नाही. सीट तुम्ही देताय. आणि शेवटी तिला सोडायला जागा आहे, ‘बसला तर बसला’. स्वतःचा अनुभवही सांगा, तुमचा मुलगा पहिल्यांदा किती रडला होता ते. जिला तेव्हा कुणी मदत केली असती तर बरं वाटलं असतं, अशी मैत्रीण होऊन बोला.

जुनी सीट देण्याआधी मात्र तपासा: ती कधी अपघातात सापडलेली नसावी, प्लॅस्टिकला चीर नसावी, पट्टे उसवलेले नसावेत, मागचं लेबल आणि वापराची मुदत वाचता यावी. यातलं एकही नीट नसेल तर तशी सीट प्रेमानंसुद्धा देऊ नका.

‘आपण काय कार सीटमध्ये वाढलो का?’ याला उत्तर द्यायला जाऊ नका, आधी मान्य करा. मलाही बाबा स्कूटरवर पुढे उभं करून न्यायचे, वारा तोंडावर घेत. ती आठवण खरी आहे आणि सुंदरही आहे. मग एवढंच म्हणा की तेव्हा मुंबई-पुणे एक्सप्रेसवे नव्हता आणि आपल्या घरची गाडी शंभरच्या पुढे पळत नव्हती. आणखी एक गोष्ट सांगता येईल. मांडीचा हा विश्वास फक्त आपलाच नाही. अमेरिकेत लहान मुलांच्या सीटचा पहिला राज्य कायदा टेनेसीनं केला, १ जानेवारी १९७८ पासून, रॉबर्ट सँडर्स नावाच्या एका बालरोगतज्ज्ञाच्या चिकाटीमुळे. पण तिथल्या आमदारांनी त्यात सूट घातली, की मोठ्या माणसानं बाळ हातात धरलं असेल तर सीट नसली तरी चालेल. सँडर्स आणि त्यांचे सहकारी त्या सवलतीला ‘मूल चिरडणारी दुरुस्ती’ म्हणायचे. ती काढायला १९८१ उजाडलं. कायदा करणाऱ्यांनाही मांडीवरून हलायला तीन वर्षं लागली, तर तुमच्या मैत्रिणीला तीन आठवडे द्या.

‘रडतो, बसतच नाही’ हे कारण मात्र खरं असतं, त्याला खरी मदत लागते. सीट आधी चार-पाच दिवस घरात ठेवा, बाळ तिच्यात बसून खेळू दे, खाऊ दे. मग दहा मिनिटांच्या फेऱ्या, शेजारी मागे एक मोठं माणूस. रडला म्हणून चालत्या गाडीत कधीही काढू नका. गाडी बाजूला घ्या, थांबा, कडेवर घ्या, शांत करा, पुन्हा बसवा. पहिला आठवडा कठीण जातो, हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिला वाटणार नाही की आपल्याच मुलाचं काहीतरी चुकतंय.

आजींचा विरोध असेल तर त्यांना काम द्या. हा माझ्या प्रॅक्टिसमधला सगळ्यांत यशस्वी उपाय. आजी मागे, बाळाच्या सीटशेजारी. पट्टा चिमटीत धरून बघायचं काम आजीचं, गाणं म्हणायचं काम आजीचं, बोट धरू द्यायचं काम आजीचं. मांडी गेली तरी नातवाचा ताबा आजीकडेच राहतो. एक आजी तर नंतर माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, की सून पट्टे नीट आवळत नाही.

नवऱ्याशी बोलायचं असेल तर गाडीबद्दल बोला. गाडी घेताना पाच तारे आहेत हे तो अभिमानानं सांगतो ना? गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी घेणारा ग्लोबल एनकॅप काय किंवा २०२३ पासून सुरू झालेला आपला भारत एनकॅप काय, मुलांच्या सुरक्षेचे तारे देताना दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे कार सीटमध्ये बांधून बसवतात आणि मग गाडी आदळवतात. मुलांसाठीचे ते तारे सीटसकट आहेत. मांडीवरच्या बाळाला त्यातला एकही तारा मिळत नाही. हे ऐकून मी कित्येक वडिलांना लगेच मोबाइल काढून आपल्या गाडीत आयसोफिक्सच्या, म्हणजे कार सीट थेट गाडीला अडकवायच्या, कड्या कुठे आहेत ते शोधताना पाहिलंय.

पैशाचं कारण असेल तर ते बोललं जात नाही, म्हणून तुम्हीच हळू ओळखा. चांगल्या सीटसाठी काही हजार रुपये लागतात, आणि दोन मुलं असली की दोन सीटा. उसनी सीट, वाढदिवसाला चौघांनी मिळून दिलेली सीट, हे सगळं चालतं. सीटवर भारताचं एआयएस-०७२ किंवा युरोपचं आर-४४ अथवा आर-१२९ मानक लिहिलेलं असावं. महाग सीट जास्त सुरक्षित असा नियम नाही. आपल्या गाडीत घट्ट बसणारी आणि रोज वापरली जाणारी सीट चांगली.

आता परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टी. भाड्याची जीप, गावाकडचा रस्ता, मागे बेल्टच नसलेली जुनी गाडी, अशा वेळी मी पालकांना ‘प्रवासच करू नका’ म्हणत नाही. मागची सीट पुढच्यापेक्षा बरी, मोठ्यांनी स्वतः बेल्ट लावावा, वेग कमी ठेवावा, रात्रीचा महामार्ग टाळावा. यानं धोका कमी होतो, संपत नाही. तेवढं स्पष्ट सांगते. आणि ज्यांच्याकडे गाडीच नाही, दुचाकी आहे, त्यांच्यापुढे कार सीटची चर्चा करू नका. त्यांच्यासाठी वेगळा नियम आहे: ४ वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा हार्नेस, ९ महिन्यांपासून पुढे हेल्मेट, आणि वेग ४० च्या आत. फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू आहे, पाळताना मात्र क्वचितच दिसतो.

तुमच्या प्रसंगात सगळं एकदम मिळणार नाही असं वाटत असेल, तर एकच गोष्ट आधी मागा: बाळाला घेऊन पुढे बसू नकोस, मागे बस. हे मागायला रविवारची वाट बघू नका, उद्याच बोला. पुढच्या सीटसमोर एअरबॅग असते. ती ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगानं, पापणी लवायच्या आत फुगते. बेल्ट लावलेल्या मोठ्या माणसासाठी ती जीव वाचवणारी वस्तू आहे. मांडीवरच्या बाळाचं डोकं नेमकं तिच्या वाटेत असतं. याच कारणानं, एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंडाची बाळाची सीटही कधी लावायची नाही. मागे बसायला सीट विकत घ्यावी लागत नाही, रडणं नाही, सासूबाई नाहीत. बहुतेक आया हे लगेच ऐकतात, आणि एकदा ऐकलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

काही वेळा मात्र आडवळणं नकोत. सनरूफमधून मूल अर्धं बाहेर काढून गाडी चालली असेल, हल्ली लोणावळ्याच्या रस्त्यावर पावसाळ्यात हे सर्रास दिसतं, किंवा पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर तान्ह्याची सीट लावली असेल, तर तिथल्या तिथे ‘थांबा, दोन मिनिटं’ म्हणायचं. राग आला तर येऊ दे. नंतर माफी मागता येते.

आणि एवढं करूनही ती नाही म्हणाली तर? मग विषय सोडा, मैत्री सोडू नका. तुम्ही कायम तिच्या आसपास असाल तर सहा महिन्यांनी, बाळ थोडं मोठं झाल्यावर, नवी गाडी घेताना किंवा एखाद्या बातमीनंतर ती स्वतः विचारेल. २०२२ च्या सप्टेंबरात चारोटीजवळ झालेल्या, उद्योगपती सायरस मिस्त्री ज्यात गेले, त्या अपघातानंतर माझ्याकडे मागच्या सीटच्या बेल्टबद्दल जितक्या पालकांनी विचारलं तितक्या आधीच्या दहा वर्षांत विचारलं नव्हतं. त्या वेळी ती ज्याच्याकडे वळेल ते माणूस तुम्ही असायला हवं. दर भेटीत टोमणा मारलात तर ती दुसऱ्या कुणाला विचारेल, किंवा कुणालाच नाही.

महाबळेश्वरच्या प्रवासासाठी एक सुचवते. दोन गाड्या आहेत, तर माणसं घरांप्रमाणे वाटू नका. ज्या गाडीत सीटा घट्ट बसतात तिच्यात मुलं आणि दोघी आया, दुसरीत बाकीची मंडळी आणि सामान. छोट्या गाडीच्या मागच्या बाकावर तीन सीटा शेजारी-शेजारी सहसा मावत नाहीत, तेव्हा आधी लावून बघा. कदाचित तिची मोठी दुसऱ्या गाडीत, तिच्या बाबांबरोबर, तुमच्याकडच्या जास्तीच्या सीटमध्ये बसेल. सीट पहिल्यांदा बसवायला अर्धा तास लागतो, त्यामुळे निघायच्या सकाळी ते करायला जाऊ नका. बाळाला दीड-दोन तासांहून जास्त सलग बसवू नका. खंबाटकीच्या आधी एक थांबा, वाईला एक. घाटात उलटी होणारी मुलं असतील तर निघताना पोट हलकं ठेवा, पण पट्टे सैल करू नका.

आणि तुम्ही सीटचं विचारल्यावर ती ‘बघू गं’ म्हणाली, तर तिथेच थांबू नका. आपल्याकडचा ‘बघू’ बऱ्याचदा नकार नसतो, नुसती टाळाटाळ असते. विचारा, ‘रविवारी दहाला खाली येऊ का सीट घेऊन?’